रिपोर्ट सुधारला, बाईचं काय?

(जोगेश्वरी पूर्वेला वस्तीपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात, पाळी गेल्यानंतरच्या हार्मोन उपचारांविषयी झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक गट)



पाळी गेलेल्या बाईने हार्मोनची गोळी घ्यावी की नाही, हा प्रश्न तुमच्या गटाने मला आधीच चिठ्ठीवर लिहून पाठवला होता. त्याच चिठ्ठीवर खाली वेगळ्या अक्षरात कुणीतरी आणखी एक प्रश्न घातला होता : ‘या गोळीने कोलेस्टेरॉल उतरतं आणि शुगरही आटोक्यात राहते म्हणतात, ते खरं का?’ मी या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. कारण त्याचं उत्तर ‘बऱ्याच अंशी खरं आहे’ असं आहे, आणि तरीही कोलेस्टेरॉल-शुगरसाठी म्हणून ही गोळी घेऊ नये, असंच मी तुम्हाला सांगणार आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, ते समजून घेऊ या.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. बीजकोशातून निघणारं इस्ट्रोजेन फक्त पिशवीपुरतं काम करतं, अशी आपली समजूत असते. पण ते हाडांवर काम करतं, रक्तवाहिन्यांवर करतं आणि लिव्हरवरही करतं. रक्तातली वाईट चरबी, म्हणजे एलडीएल, उचलून आत घ्यायचं काम लिव्हर करतं आणि त्या कामाला इस्ट्रोजेन मदत करतं. पाळी जायच्या सुमारास ही मदत कमी होते आणि एक-दोन वर्षांतच एलडीएल वर चढतं. चरबी साठायची जागाही बदलते. मांड्या-कंबरेवर बसणारी चरबी पोटावर बसू लागते. ‘वजन तेवढंच आहे बाई, पण ब्लाऊज आणि परकर दोन्ही घट्ट झाले’ असं बायका म्हणतात ते अगदी बरोबर असतं. पोटातली चरबी वाढली की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि शुगर हळूहळू सरकायला लागते. अर्थात सगळं खापर पाळी जाण्यावर फोडू नका. वय वाढतंच असतं, झोप मोडलेली असते, चालणं कमी झालेलं असतं, आणि घरातल्या सगळ्यांचं उरलेलं शिळंपाकं खाऊन संपवायचं काम पन्नाशीनंतरही आपल्याचकडे असतं.

आपल्याकडे यात एक भर आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांच्या ‘काटकुळ्या पण चरबीवाल्या’ शरीराचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा आणि डॉ. युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! (फोटोत दोघंही पुरुषच होते, हे जाता जाता.) म्हणजे वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या आपल्या बाईच्या पोटात चरबी असू शकते. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाची १० कोटींहून जास्त माणसं आहेत. तेव्हा पाळी गेल्यानंतरच्या शुगरची आणि चरबीची काळजी ही श्रीमंतांची हौस नाही.

मग जे हार्मोन कमी पडलं ते गोळीने भरून काढलं तर? अमेरिकेत १९९५ साली पेपी नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ८७५ बायका, तीन वर्षं. काहींना नुसतं इस्ट्रोजेन, काहींना त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध, आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. इस्ट्रोजेन घेणाऱ्या सगळ्या गटांत वाईट चरबी साधारण १५ ते १८ अंकांनी उतरली. चांगली चरबी, म्हणजे एचडीएल, नुसत्या इस्ट्रोजेनने साडेपाच अंकांनी चढली. जोडीला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन दिलं तर मात्र ती जेमतेम दीड अंकाने चढली, आणि नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनसारखं औषध दिलं तर चार अंकांनी. म्हणजे ‘हार्मोनची गोळी’ ही एक गोळी नाही. जोडीला कुठलं औषध आहे त्यावरून रक्ताचा रिपोर्ट बदलतो. आणि याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जिच्याविषयी फार कमी बोललं गेलं. ट्रायग्लिसराइड नावाची तिसरी चरबी सगळ्या गोळीवाल्या गटांत वाढली होती.

शुगरचंही तसंच. पुढे झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण कमी आढळलं. एकात बिनऔषधाच्या गटात ९.५ टक्के तर गोळीच्या गटात ६.२ टक्के, दुसऱ्यात ४.२ विरुद्ध ३.५ टक्के. हे आकडे मी लपवणार नाही. आपल्याला न आवडणारी माहिती दडपायची असेल तर औषध कंपन्यांना नावं ठेवायचा आपला हक्क जातो.

आता कंपन्यांचं बघा. गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ सालापासून विकलं जात होतं. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टरचं ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक आलं. पाळी जाणं हा कमतरतेचा रोग आहे, गोळी घेतली नाही तर बाई बाईच राहत नाही, असा त्याचा सूर. त्याच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे मागाहून उघड झालं. गोळी धडाधड खपली. १९७५ साली दोन अभ्यास आले आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी पट जास्त होतो, हे दिसलं. मग अस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध जोडीला आलं. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन कधीही द्यायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा आहे. तो आजही लागू आहे, तेवढा पाठच करा.

यानंतर विक्रीचा मुद्दा बदलला. ‘तरुण राहाल’ याच्या जागी ‘हृदय वाचेल’ आलं. कोलेस्टेरॉल उतरतं आहे, मग हृदयविकार टळणारच, असा हिशेब. त्याच्या पुष्ट्यर्थ निरीक्षणांचे अभ्यासही होते : गोळी घेणाऱ्या बायकांना हार्ट अॅटॅक कमी येतात. पण गोळी घेत कोण होतं? शिकलेल्या, खाऊन-पिऊन सुखी, नेहमी डॉक्टरकडे जाऊ शकणाऱ्या, व्यायाम करणाऱ्या बायका. ओशिवऱ्याच्या टॉवरमधली बाई आणि तिथून हाकेच्या अंतरावर बेहरामबागच्या गल्लीत राहणारी बाई यांची तुलना करायची, आणि टॉवरमधली जास्त जगली ते गोळीमुळे, असं म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. त्यातला वर्ग कुणाच्या डोळ्यांना दिसला नाही. आणि मागाहून, २००९ साली, कोर्टात आलेल्या कागदपत्रांवरून कळलं, की १९९८ ते २००५ या काळात हार्मोनची भलामण करणारे २६ शास्त्रीय लेख कंपनीच्या पैशाने दुसऱ्यांनी लिहून दिले होते आणि वर नावं डॉक्टरांची होती!

खरी परीक्षा झाली ती चिठ्ठ्या टाकून गट पाडले तेव्हा. १९९८ साली हर्स नावाचा अभ्यास आला. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायका. चार वर्षांत कोलेस्टेरॉल सुधारलं, पण हार्ट अॅटॅक कमी झाले नाहीत. पहिल्या वर्षात तर ते गोळीच्या गटात जास्त होते. मग २००२ साली जुलैमध्ये १६,६०८ बायकांवर चाललेला विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हा सरकारी खर्चाचा अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याचे आकडे मी फळ्यावर लिहिले आहेत, ते सावकाश बघा. दहा हजार बायका एक वर्ष धरल्या तर बिनऔषधाच्या गटात हृदयविकार ३०, गोळीच्या गटात ३७. पक्षाघात २१ च्या जागी २९. फुप्फुसात गुठळी जाणं ८ च्या जागी १६. स्तनाचा कॅन्सर ३० च्या जागी ३८. उलट खुब्याचं हाड मोडणं १५ वरून १० वर आलं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर १६ वरून १० वर. एकेका बाईपुरता धोका लहान आहे, हे यातून दिसतंच. गोळी घेतली की मेलीच, असं कुणी वस्तीत सांगत फिरू नका. पण जिला काहीच होत नाही, अशा धडधाकट बाईला ‘हृदयासाठी’ म्हणून वर्षानुवर्षं द्यायचं औषध असेल, तर त्याने हृदयविकार वाढता कामा नये, एवढी अपेक्षा तर रास्त आहे ना?

कोलेस्टेरॉल सुधारूनही असं का व्हावं? तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून आधी लिव्हरमध्ये जाते, मग उरलेल्या शरीरात. लिव्हरला एकदम मोठा डोस बसतो. त्यामुळे एलडीएल उचललं जातं खरं, पण तेच लिव्हर रक्त गोठवणारे घटकही जास्त बनवू लागतं, ट्रायग्लिसराइडही जास्त बनवतं. चरबीचा आकडा आपण तपासतो म्हणून तो सुधारलेला दिसतो. गुठळीची तयारी नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. त्वचेला लावायचं जेल किंवा पट्टी लिव्हरला वळसा घालून थेट रक्तात जाते. फ्रान्समधल्या एका अभ्यासात गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये शिरेतल्या गुठळीचा धोका सुमारे चौपट दिसला, तर त्वचेवाटे घेणाऱ्यांमध्ये तो वाढलेला दिसला नाही. जेलने कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट गोळीइतका चकाचक होत नाही. म्हणजे ज्या प्रकाराने रिपोर्ट जास्त सुधारतो, त्याच प्रकारात गुठळीचा धोका जास्त! ट्रायग्लिसराइड आधीच वाढलेल्या बाईला तर गोळी टाळून त्वचेवाटेच औषध देणं बरं, असं जाणकार डॉक्टर सांगतात. आपल्याकडे मधुमेहाबरोबर ट्रायग्लिसराइड वाढलेल्या बायका ढिगाने आहेत. त्यांना गोळी देण्याआधी ही तपासणी होते का, हे तुम्ही विचारलं पाहिजे.

२००२ नंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. डॉक्टर हार्मोनचं नाव काढायला घाबरू लागले आणि ज्यांना खरोखर गरज होती त्या बायकांनाही ‘सोसा’ म्हणून परत पाठवलं गेलं. नंतर बारकाईने पाहिल्यावर लक्षात आलं, की त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली होती. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बायकांना धोका बराच कमी असतो, हे आज बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलेला भाग २००४ साली थांबवला तो पक्षाघात वाढल्यामुळे. त्यात हृदयविकार वाढला नव्हता आणि स्तनाचा कॅन्सरही वाढला नव्हता. २०१६ साली ६४३ बायकांच्या एका अभ्यासात, पाळी गेल्यावर सहा वर्षांच्या आत सुरू केलेल्या इस्ट्रोजेनने मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला, दहा वर्षांनंतर सुरू केलेल्यांत मंदावला नाही. चांगली बातमी आहे. पण भिंतीची जाडी हाही पुन्हा एक आकडाच. हार्ट अॅटॅक टळला, असं त्यावरून म्हणता येत नाही.

हे आत्ता सांगायचं कारण, नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरच्या ठळक इशाऱ्यांपैकी बहुतेक इशारे काढून टाकायचं जाहीर केलं. नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तराच्या कॅन्सरचा जो इशारा आहे, तो ठेवला. भीती वाजवीपेक्षा जास्त पसरली होती, तेव्हा इशारे सुधारायला हवेच होते. योनीमार्गात लावायच्या क्रीमवरही तोच भयानक इशारा होता, जेव्हा ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही. पण त्या घोषणेसोबत ‘हृदयविकार निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो’ अशीही भाषा झाली. चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांनी ते सिद्ध केलेलं नाही. १९६६, मग १९९५, आणि आता हे. नव्या वेष्टनात जुनाच माल आपल्या मेडिकलच्या दुकानात येईल तेव्हा तुम्हाला तो ओळखता आला पाहिजे.

हार्मोनच्या बाबतीत आपल्या चळवळीला अनुभव आहेच. गर्भ राहिला आहे का ते बघायला ईपी नावाच्या जोरदार हार्मोनच्या गोळ्या या देशात सर्रास दिल्या जायच्या. गर्भाला अपाय होण्याची शक्यता माहीत असूनही. १९८२ साली बंदीचा निर्णय झाला तर कंपन्यांनी हायकोर्टातून स्थगिती आणली. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून १९८७ साली जाहीर सुनावण्या झाल्या. त्यात मुंबईसह ठिकठिकाणच्या स्त्री-संघटना आणि आरोग्य गट पुराव्यांचे कागद घेऊन उभे राहिले, आणि १९८८ साली बंदी आली. त्या बायकांपैकी बऱ्याच जणी डॉक्टर नव्हत्या. कागद वाचायला शिकल्या होत्या, एवढंच.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त अस्वस्थ करते. हार्मोन कुणाला विकलं जातं हे आपण पाहिलं. ते मिळायला हवं असून कुणाला मिळत नाही?

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मांडलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, फडावर ना पाणी ना आडोसा, अंगावरून जातं म्हणून दाखवायला गेलं तर डॉक्टर ‘पिशवी सडली, कॅन्सर होईल’ म्हणून भीती घालतो. हे सगळं तुम्ही वाचलेलं आहे. पण पिशवी काढल्यानंतर त्या बाईचं पुढे काय झालं, यावर चर्चा थांबली. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले असतील तर तिची पाळी पस्तिशीतच गेली, तीसुद्धा हळूहळू नाही तर एका दिवसात. ज्या चरबीच्या, शुगरच्या, हाडांच्या बदलांविषयी मी आत्ता बोलले, ते तिच्या शरीरात दहा-पंधरा वर्षं आधी सुरू झाले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००९ साली दाखवून दिलं, की पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश काढलेल्या आणि त्या वयापर्यंत इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त आहे. नुसती पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. अशा बाईला, तिला स्तनाच्या कॅन्सरसारखं काही कारण आड येत नसेल तर, नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. २००२ चे भीतीदायक आकडे तिला लागू नाहीत, कारण ते साठीच्या बायकांचे आहेत. जिच्या नावाने औषधाची चिठ्ठी लिहायला हवी, तिला चिठ्ठी नाही. टाके काढले, जा घरी.

आणि हे बीडलाच होतं असं समजू नका. आज सकाळी इथे कागद घेऊन आलेल्या बायकांत अशा काहीजणी होत्या, ज्यांचं ऑपरेशन चाळिशीच्या आत गावाकडे किंवा इथेच कुठल्यातरी खाजगी नर्सिंग होममध्ये झालं. बीजकोश आहेत की नाहीत, हे त्यांना माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. त्यावर ‘बीएसओ’ ही तीन इंग्रजी अक्षरं असतील तर दोन्ही बीजकोश गेलेले आहेत. ती अक्षरं कशी दिसतात ते फळ्यावर काढून दाखवलं आहे, वहीत उतरवून घ्या. एवढी तीन अक्षरं वाचता आली तरी वस्तीतल्या कितीतरी बायकांची यादी आपण करू शकू.

मग गोळी कुणी घ्यायची? ज्या बाईला अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, रात्री घामाने कपडे बदलावे लागतात, झोप नाही, तिच्यासाठी हार्मोनइतकं गुणकारी औषध दुसरं नाही. पोळीभाजी केंद्रात दिवसभर शेगडीपुढे उभी राहणारी किंवा सीप्झमध्ये सुपरवायझरच्या नजरेखाली बसून काम करणारी बाई जर वाफांनी हैराण झाली असेल, तर ‘आपल्या आयांनी सोसलंच की’ असं तिला कृपा करून सांगू नका. त्यांनी सोसलं कारण त्यांना कुणी विचारलं नाही. अशा बाईने साठीच्या आत, डॉक्टरशी बोलून, कमीत कमी पुरेल एवढ्या डोसमध्ये, मधूनमधून फेरविचार करत हार्मोन घ्यायला हरकत नाही. आधी स्तनाचा कॅन्सर झालेला, गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अॅटॅक येऊन गेलेला, लिव्हरचा आजार, किंवा पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जाऊन कारण सापडलेलं नसेल, तर मात्र नाही. नुसता योनीमार्गाचा कोरडेपणा आणि जळजळ असेल तर क्रीम पुरतं, गोळी कशाला?

शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल यांना त्यांची स्वतःची औषधं आहेत. ती स्वस्त आहेत, पालिकेच्या दवाखान्यात मिळतात, आणि त्यांनी हार्ट अॅटॅक आणि पक्षाघात कमी होतात, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. चालण्याचंही तेच. पण ‘चाला’ म्हणून सांगताना मेघवाडीच्या कुठल्या रस्त्यावर, किती वाजता आणि घरचं पाणी कुणी भरायचं, याचंही उत्तर आपल्याला द्यावं लागतं. याचा रिपोर्ट कुठल्या लॅबमध्ये निघत नाही.

एक खंत सांगते. हे सगळे मोठे अभ्यास परदेशातले आहेत आणि त्यांत आपल्यासारख्या बायका जवळजवळ नाहीतच. पोटावर चरबी, लवकर जाणारी पाळी, तरुणपणीच मधुमेह अशा आपल्या शरीरावर कुठल्या प्रकारचं हार्मोन काय करतं, हे विचारायचा हक्क आपला आहे, आणि त्यासाठी सरकारी पैसा मागायचाही. तोवर एखाद्या डॉक्टरने चिठ्ठी लिहिली तर बाईने तिथेच विचारावं : हे माझ्या कुठल्या त्रासासाठी? यात नुसतं इस्ट्रोजेन आहे की जोडीला आणखी काही? गोळीच का, जेल का नाही? ट्रायग्लिसराइड पाहिलं का? किती महिन्यांनी परत बघणार? डॉक्टर चिडले तर चिडू देत. दोघीजणी मिळून गेलात तर कमी चिडतात, असा माझा अनुभव आहे.

ज्यांनी डिस्चार्ज कार्डं आणली आहेत, त्या मागच्या बाकांवरच्या बायकांनी आता पुढे या. आधी ती वाचू, प्रश्न त्यानंतर घेऊ.